उंबऱ्यावरची चानकी

तांबडवाडीची माती लालेलाल, तिथला ओढा रुपेरी आणि डोंगर असा हिरवागार, की पोपट त्यावर बसला तर हरवूनच जावा. पण गावाच्या टोकाला एक घर होतं, त्याला मात्र कसलाच रंग नव्हता. भिंतींचा चुना कधीचाच उडाला होता आणि छपराच्या भोकांतून उन्हाचे गोल गोल कवडसे घरभर सांडायचे. शेवंता त्यांना सोन्याच्या पुतळ्या म्हणायची. घरात दुसरं सोनं नव्हतंच, तेव्हा म्हणायला काय जातं?

शेवंता आठ वर्षांची. तिचा बा, गेनू, बांबूच्या टोपल्या, सुपं, परड्या विणायचा आणि डोक्यावर त्यांची उंच चळत घेऊन गावोगाव विकायला जायचा. आई नव्हती. दोन वर्षांपूर्वी तापाने गेली. जाताना ती लेकीसाठी दोनच गोष्टी ठेवून गेली, एक जुनं हिरवं लुगडं आणि एक सवय.

सवय चानकीची. भाकऱ्या थापून झाल्या की परातीत शेवटी पिठाचा इवलासा गोळा उरतो. त्याची जी तळहाताएवढी, पिटुकली भाकरी होते, ती चानकी. आई ती कधी घरात खाऊ द्यायची नाही. "ही दारातल्या मुक्या जिवाची," असं म्हणून उंबऱ्यावर ठेवायची. आई गेल्यावर शेवंता चुलीपुढे बसून भाकऱ्या थापायला शिकली. भाकऱ्या वेड्यावाकड्या व्हायच्या, एखादीला तर चक्क शेपूट फुटायचं, पण चानकी मात्र गोल गरगरीत. पीठ कमी असलं तर शेवंता स्वतः अर्धी भाकरी कमी खायची, चानकी चुकवायची नाही.

ती खायला काळ्या यायचा. काळ्या म्हणजे गावातलं एक म्हातारं कुत्रं. एक पाय अधू, एक कान फाटका, अंगाला ओल्या पोत्याचा वास. यायचा, खायचा, शेपटी दोनदा हलवायचा आणि तिथेच पायरीखाली मुटकुळं करून पडायचा. शेवंता त्याच्याकडे नीट बघतही नसे. तिच्या मनात दुसरंच कुत्रं होतं. मऊमऊ, गुबगुबीत, लुकलुकत्या डोळ्यांचं आणि फक्त तिचं. बा बाहेरगावी गेला की दिवसभर घरात बोलायला कुणी नसायचं. मग ती त्या मनातल्या कुत्र्याशी गप्पा मारायची, आणि पायरीखालचा काळ्या त्या गप्पा ऐकत डुलक्या घ्यायचा.

श्रावणातल्या एका सकाळी बाने तिला वेळूच्या बनात धाडलं. आदल्या दिवशी त्याने तिथे बांबू तोडून ठेवले होते. बनात पोपटी पानं सळसळत होती, तेरड्याची गुलाबी फुलं दाटीने उभी होती आणि निळे चतुर उन्हात भिरभिरत होते. शेवंताने एक बांबू उचलला, तोच आतून आवाज आला.

"अगं ए, हळू. माझं डोकं आपटलं."

शेवंताने बांबू कानाशी धरला. आत कुणीतरी टकटक करत होतं. नीट पाहिलं तर बांबूला एक बारीक भोक होतं आणि ते लाल मातीने लिंपून बंद केलेलं होतं. हे काम कुंभारमाशीचं, हे शेवंताने लगेच ओळखलं. निळ्या अंगाची, बारीक कमरेची ती माशी दिसेल त्या फटीत मातीचं घर बांधते.

कोयता बाजूलाच होता. एक घाव घातला असता तर बांबू फुटला असता आणि आतला जीव सुटला असता. पण शेवंताने बाभळीचा एक काटा घेतला आणि त्या चिमुकल्या घराच्या कडेकडेने माती उकरायला सुरुवात केली. ऊन डोक्यावर आलं. बोटं दुखली. अखेर मातीचं घर अख्खंच्या अख्खं निघालं. ते तिने थुंकी लावून शेजारच्या बांबूला अलगद चिकटवून दिलं.

मग त्या भोकातून हिरवा-सोनेरी उजेड सांडू लागला आणि उजेडामागून अंगठ्याएवढी एक परी बाहेर आली. अंगात कोवळ्या बांबूच्या पानाचं परकर-पोलकं, पाठीला दवाने भिजल्यासारखे चमचमते पंख. बाहेर आल्या आल्या ती सात वेळा शिंकली.

"तीन दिवस आत होते," नाक पुसत ती म्हणाली. "मी वेळूपरी. दुपारचा जरा डोळा लागला, तर ह्या बाईने दारच लिंपून टाकलं. पण तू बांबू का नाही फोडलास? चटकन झालं असतं."

"मग बाला टोपलीला बांबू कमी पडला आस्ता," शेवंता म्हणाली. "आन् त्या माशीचं घर बी मोडलं आस्तं. आत तिची पिल्लं आस्त्यात."

परी खुदकन हसली. मग तिने आपल्या पंखांखालून बांबूच्या काडीएवढ्या तीन कामट्या काढल्या. एक गुलाबी, एक निळी, एक सोनेरी.

"ह्या घे. एक कामटी मोडायची आणि एक इच्छा मागायची. पण नियम ऐक हं, शेवंता. दोन हातांनी होण्यासारखं काही मागायचं नाही. मागितलंस तर कामटी मोडणारच नाही. आणि दुसरं, ज्याला तू 'माझं' म्हणशील, ते सगळंच्या सगळं तुझं. त्याचं गोड ते माझं आणि खोडी ती शेजारणीची, असं चालायचं नाही."

शेवंताने भराभरा मान डोलावली. इच्छा मिळणार म्हटल्यावर नियम कोण नीट ऐकतं? परी पानाआड दिसेनाशी होते न होते, तोच तिने गुलाबी कामटी मोडली. "मला कुत्र्याचं पिल्लू दे. माझं सोत्ताचं."

टिक्. गुलाबी ठिणग्यांचा एक भुईनळा उडाला आणि त्यातून एक पिल्लू धडपडत बाहेर आलं. गुळाच्या रंगाचं. एक कान उभा, एक पडलेला. शेपटीच्या टोकाला पांढराशुभ्र गोंडा. त्याने शेवंताचं नाक चाटलं आणि लगेच तिच्या परकराची किनार चावली.

"गोंड्या," शेवंता म्हणाली. "तू माझा गोंड्या."

तेव्हापासून शेवंताचे दिवस रंगीत झाले. गोंड्या तिच्या मागे ओढ्यावर जायचा, तिच्या पायाशी झोपायचा, बाच्या विणायच्या कामट्या पळवून अंगणभर नाचायचा. बासुद्धा हसायचा, आणि बा हसल्याला दोन वर्षं झाली होती. रोजची चानकी आता गोंड्याला मिळू लागली. काळ्या यायचा, रिकाम्या उंबऱ्याकडे बघायचा, शेपटी एकदाच हलवायचा आणि पायरीखाली पडून राहायचा. शेवंताच्या ते ध्यानातही आलं नाही. नवी नवरी नि नवं कुत्रं, दोन्ही असली की घरात जुन्याकडे कोण बघतं?

गोंड्याचे लाड साऱ्या गावाने केले. कुणी दुधाची साय दिली, कुणी गूळ. "आमचा गोंड्या" असं जो तो म्हणायचा. दिवसभर तो मोकळा उंडारायचा. तांबडवाडीत कुत्री अशीच असायची, सगळ्यांची आणि कुणाचीच नाही. कुत्र्याला बांधायचं, शिकवायचं, ते कुठे आहे हे बघायचं, असलं काही असतं हे शेवंताला ठाऊकच नव्हतं. पोट भरलं, माया केली, झालं की.

दसरा गेला, कोजागिरी झाली आणि गावाला दिवाळीचे वेध लागले. गावात कुंभाराचं एकच घर होतं, हौसाकाकूचं. काकू एकटी. वर्षभर माठ-गाडगी करायची, पण तिची खरी सुगी दिवाळीची. तिच्या पणत्या पाच गावांना जायच्या आणि त्यावर तिचा वर्षाचा दाणागोटा यायचा. त्या दिवशी तिच्या अंगणात पणत्याच पणत्या वाळत होत्या. ओल्या, नाजूक, लाल पणत्यांच्या रांगा तुळशीपासून थेट कुंपणापर्यंत. काकू पाण्याला गेली होती. परत आली तर अंगणात चिखल.

एकही रांग धड नव्हती. कुणीतरी त्या पणत्यांतून नाचलं होतं, लोळलं होतं आणि मनसोक्त पळालं होतं. काकूने घागर खाली ठेवली आणि ती मटकन बसली. ती ओरडली नाही. पदर तोंडाला लावून नुसती बसून राहिली.

अर्धा गाव गोळा झाला. कुत्र्याचं काम होतं हे उघड होतं, पण कुत्रं कुठलं, हे कुणी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात कुंपणाच्या सावलीत झोपलेला काळ्या कुणाला तरी दिसला.

"ह्योच तो. कुनाचं हाय हे कुत्रं?"

काळ्या कुणाचाच नव्हता. गावचे म्हातारे कारभारी येसाजीआबा म्हणाले, "कुनाचंच न्हाई, तर मग सकाळी गाडीत घालून घाटाखाली सोडून या. रोजची कटकट नको." आणि काळ्याला पारावरच्या वडाला दोरीने बांधण्यात आलं. घाटाखालच्या जंगलात बिबट्या होता. अधू पायाचं म्हातारं कुत्रं तिथे किती दिवस टिकेल, हे सगळ्यांना माहीत होतं, पण तेवढं कुणी मोठ्याने म्हटलं नाही.

त्या वेळी शेवंता घरी होती आणि तिच्यापुढे गोंड्या उभा होता. चारी पाय लाल. गोंडा लाल. पडका कानसुद्धा लाल. आणि दातांत अर्धी ओली पणती. ती त्याने मोठ्या प्रेमाने शेवंताच्या पायाशी ठेवली.

तिने त्याला कवेत घेतलं, धावत ओढ्यावर नेलं आणि खसाखसा धुऊन काढलं. लाल माती पाण्याबरोबर वाहून गेली. आता कुणाला कळणार? गोंड्या पुन्हा गुळासारखा दिसू लागला. शेवंताला मात्र आपलेच हात बघवेनात.

मग तिला कामट्या आठवल्या. तिने निळी कामटी काढली. "काकूच्या सगळ्या पनत्या हुत्या तशा हुंदेत." कामटी नुसती वाकली आणि टुणकन सरळ झाली. पुन्हा जोर लावला, पुन्हा टुणकन. वाऱ्यावर परीचा आवाज आला, अगदी बारीक, अगदी मऊ. "पणत्या दोन हातांनी होतात, शेवंता."

संध्याकाळी तिने भाकऱ्या थापल्या. चानकी झाली. गोंड्या जीभ काढून वाट बघत बसला होता. पण शेवंता चानकी ओंजळीत घेऊन पारावर गेली. काळ्या वडाला बांधलेला होता. तिला पाहताच तो उठला आणि त्याने शेपटी हलवली. एकदा, दोनदा. मग चानकी खाल्ली आणि सवयीने तिच्या पायाशी मुटकुळं करून पडला.

तेव्हा शेवंताला रडू फुटलं. दोन वर्षं हा रोज आपल्या दारात आला. आई गेली त्या रात्री तो पायरीखालीच होता. आपण एकटीच गप्पा मारायचो तेव्हाही होता. आपण बनात जाऊन परीकडे कुत्रं मागितलं, आणि कुत्रं तर दारातच होतं. फक्त त्याला कधी कुणी 'माझा' म्हटलं नव्हतं.

सकाळी पारापाशी बैलगाडी उभी राहिली. काळ्याला उचलायला दोघंजण पुढे झाले. शेवंताने गोंड्याला काखेत मारलं आणि ती गर्दीतून पुढे आली. समोर येसाजीआबा, बाजूला सुजलेल्या डोळ्यांची हौसाकाकू, आणि मागे बा.

"आबा, काळ्याला सोडा," ती म्हणाली. "पनत्या माझ्या गोंड्यानं मोडल्या. मी त्याचं पाय धुतलं. कुनाला सांगितलं न्हाई."

काल 'आमचा गोंड्या' म्हणणारी माणसं आपापल्या पायांकडे बघू लागली.

आबांनी भुवया चढवल्या. "मग ह्या पिल्लाला घाटाखाली सोडायचं म्हन की."

"न्हाई. त्यो माझा हाय. त्याच्या खोड्या बी माझ्याच. काय शिक्षा आसंल ती मला सांगा." तिने काळ्याकडे बोट केलं. "आन् काळ्या बी माझाच हाय. आजपासनं त्याला कुनाचाच न्हाई म्हनू नका."

आबा काही बोलायच्या आत गेनू पुढे आला आणि लेकीशेजारी उभा राहिला. बा गावात फारसा कधी बोलायचा नाही. "पोरगी माझी हाय आबा," तो म्हणाला. "तवा तिची कुत्री बी माझीच. हौसावैनी म्हनतील तसं."

सगळ्यांचे डोळे हौसाकाकूकडे वळले. काकू उठली, शेवंतापुढे आली आणि तिने त्या आठ वर्षांच्या पोरीचे हात उलटेसुलटे करून पाहिले.

"भाकऱ्या थापतीस न्हवं? मग माती बी मळशील," ती म्हणाली. "वसुबारसेला बारा दिस हायती. दिस उगवायला माझ्या दारात ये. आन् त्या दांडगोबाला मोकळा सोडलास तर याद राख."

शेवंता दुसऱ्या दिवशी उजाडताच हजर झाली. आईच्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडून तिने दोन गळपट्टे शिवले होते आणि बाने काथ्याची मऊ, लांब दोरी वळून दिली होती. गोंड्याला दोरी मुळीच आवडली नाही. तो रुसला, लोळला, त्याने दोरीशी भांडण मांडलं. शेवंताने त्याला मारलं नाही आणि सोडलंही नाही. "बस" म्हणायचं आणि बसला की भाकरीचा तुकडा द्यायचा, असं दिवसातून वीसदा. तिसऱ्या दिवशी तो न सांगता बसला आणि तुकड्यासाठी असा काही चेहरा केला, की काकूलासुद्धा हसू आवरेना. काळ्याला काही शिकवावं लागलंच नाही. तो अंगणात ऐसपैस बसायचा आणि गोंड्या ओल्या मातीकडे सरकला की नुसता एकदा गुरगुरायचा.

मोडक्या पणत्यांची माती पाण्यात भिजवायची, चाळलेली राख घालायची, पायांनी तुडवायची, हातांनी मळायची, मग काकू चाकावर बसायची. शेवंताच्या कोपरापर्यंत माती. अंगणात कुत्र्यांनी घाण केली तर तीही शेवंताच राख टाकून उचलायची. संध्याकाळी दोघांना ओढ्यावर फिरवून आणायचं. दमून घरी आली की चूल होतीच.

एका संध्याकाळी तिला वाटलं, एवढं सगळं करतो, तर एक तरी गोष्ट फुकट मिळावी. तिने निळी कामटी काढली. "गोंड्याला न् काळ्याला कधी रोगराई हू नये." कामटी वाकली, टुणकन सरळ झाली आणि तिच्या नाकावर फटका बसला. "ते गुरांच्या दवाखान्यात होतं," वाऱ्यातून परी हसत म्हणाली. "सुई टोचून." मग बा बाजारच्या गावी निघाला तेव्हा शेवंताही दोघांना घेऊन गेली. कुत्रं पिसाळू नये म्हणून डॉक्टरांनी दोघांनाही सुई टोचली. काळ्या हूं की चूं बोलला नाही. गोंड्या मात्र सुई जवळ यायच्या आधीच असा केकाटला, की रांगेतल्या म्हशी वळून बघायला लागल्या.

पणत्या तयार झाल्या. अंगण पुन्हा तुळशीपासून कुंपणापर्यंत लाल झालं. वसुबारसेला सहा दिवस उरले होते, आता नुसतं वाळायचं आणि भट्टीत जायचं. आणि तेवढ्यात आभाळ भरून आलं. करडे, जाड ढग डोंगरावर येऊन बसले ते हलेचनात. एक दिवस गेला. पणत्या ओल्याच. ओली पणती भट्टीत घातली की तडकते.

"ह्या बारीला दिवाळी माझ्या नशिबात न्हाई," काकू म्हणाली.

बाने घरातली होती नव्हती तेवढी सगळी सुपं आणली. तिघांनी मिळून पणत्यांना वारा घातला. दुपार झाली, संध्याकाळ झाली. शेवंताच्या हातांना फोड आले. गोंड्या दोरीला बांधलेला, शहाण्यासारखा बसून सगळं बघत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूने एक पणती उचलून गालाला लावली आणि मान हलवली. अजून ओलीच.

तेव्हा शेवंता तुळशीमागे गेली. निळी कामटी तिने दोन्ही हातांत धरली. "आमी लई वारा घातला गं," ती पुटपुटली. "हातांनी आता हुईना. काकूच्या पनत्यांवर ऊन पडू दे."

टिक्.

ढगांना एक निळं भोक पडलं, पणतीच्या तोंडाएवढं, मग ताटाएवढं, मग अंगणाएवढं. त्यातून केशरी, झळझळीत ऊन उतरलं ते थेट काकूच्या अंगणात. गावभर मळभ आणि एका अंगणात उन्हाचा लखलखाट. दोन दिवस ते ऊन तिथून हललं नाही. पणत्या खडखडीत वाळल्या, भट्टीत गेल्या आणि निघाल्या त्या टणटण वाजणाऱ्या.

"देवाला काळजी," काकूने आभाळाला हात जोडले. हसू मात्र शेवंताच्या गालात मावेना.

वसुबारसेच्या संध्याकाळी गावोगाव काकूच्या पणत्या लागल्या. काकू स्वतः शेवंताच्या घरी आली. पदराखाली एक पणती होती. मोडक्या पणत्यांतली एक तिने मळायला दिलीच नव्हती, तशीच वाळवून भाजली होती. कडा जराशी वाकडी आणि मधोमध गोंड्याच्या पंजाचा गोडसा ठसा.

"ही तुझ्या उंबऱ्याला," काकू म्हणाली. "आन् दिवाळी झाली तरी येत जा. चाक फिरवायला शिकवते. ह्या दांडगोबाला बी आण."

शेवंताने त्या पणतीत तेल घातलं, वात लावली. पंजाच्या ठशात तेल सोन्यासारखं चमकलं. ज्योत उंच झाली, हिरवी-सोनेरी झाली, आणि तिच्यातून वेळूपरी बाहेर आली. बा आणि काकू अंगणात बोलत बसले होते, त्यांना नुसता उजेड दिसला.

"सोनेरी कामटी राहिलीय," परी म्हणाली. "काय हवं तुला? छप्पर? नवा परकर? माग. आता तुझे हात दमलेत, हे मला ठाऊक आहे."

शेवंताने छपराकडे पाहिलं. भोकांतून चांदण्या डोकावत होत्या. मग तिने पायरीखाली पाहिलं. काळ्या हिरवा गळपट्टा घालून मुटकुळं करून पडला होता आणि त्याच्या पोटात डोकं खुपसून गोंड्या झोपला होता.

"मी एक इच्छा मागून गोंड्या घेतला," ती म्हणाली. "काळ्याला कधी कुनी काय इचारलंच न्हाई. ही कामटी त्याची. त्याला काय पायजे ते त्यालाच इचार."

परीने मान डोलावली. मग ती तरंगत खाली गेली, काळ्याच्या फाटक्या कानात शिरून काहीतरी कुजबुजली आणि तिने त्याच्या तोंडाशी आपला कान लावला. ऐकता ऐकता ती हसायला लागली. तिचे डोळे मात्र भरून आले होते.

"काय मागितलं त्यानं?" शेवंताने विचारलं.

"उद्या भाकऱ्या करशील तेव्हा कळेल," परी म्हणाली. सोनेरी कामटी आपोआप मोडली. टिक्. परीचे पंख उजळले, तिचा हिरवा परकर उजळला, मग ती सगळीच उजेड झाली. तो उजेड एका पणतीतून दुसरीत, एका दारातून दुसऱ्या दारात धावत गेला, गावभरच्या साऱ्या ज्योती एकदम वीतभर उंच झाल्या, आणि परी दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी शेवंताने पीठ मळलं. नेहमीसारखंच थोडंसं, बा आणि ती यांच्यापुरतं. भाकऱ्या झाल्या. बा पोटभर जेवला, तीही जेवली, आणि परातीत पाहते तर शेवटी एक नाही, दोन गोळे उरलेले. तिने दोन चानक्या थापल्या. त्या दिवसापासून त्या घरात पीठ कधी सरलं नाही. चिमूटभर मळलं तरी सगळ्यांचं पोट भरून दोन चानक्यांपुरतं मागे राहायचंच. दाण्यागोट्यासाठी बाला रोज गावोगाव हिंडावं लागेना आणि पुढच्या आषाढाआधी छपराची भोकंही त्याने दोन हातांनी बुजवली.

गळपट्टे घातलेली दोन कुत्री रोज संध्याकाळी उंबऱ्यापाशी शिस्तीत बसतात. शेवंता दोन चानक्या आणून ठेवते. काळ्याची जरा मोठी होते. गोंड्या दरवेळी दोन्हींकडे बघून कुरकुरतो, आणि शेवंता दरवेळी म्हणते, चुकून झाली. ही झाली त्या दोन चानक्यांची गोष्ट. तुमच्या परातीत आज शेवटी काय उरलं, ते जरा बघा.